लाभ, दोन, तीन

काही ऋतू दरवर्षी येतात आणि काही दहा वर्षांनी. हा दुसऱ्या जातीचा ऋतू मागच्या आठवड्यात मंगरू कोतवालाच्या डोक्यावर बसून माझ्या दारी आला. जाड सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा त्याने ओट्यावर टाकला, डोक्याचा फेटा सोडून घाम पुसला आणि म्हणाला, "घ्या गुरुजी, मानसायची गिनती आली."

सरकारी भाषेत हिला खानेसुमारी म्हणतात. दर दहा वर्षांनी सरकारला आपली माणसं किती हे बघावंसं वाटतं आणि मग ते काम शाळामास्तरांच्या गळ्यात पडतं. गठ्ठा सोडला तर आत तेच उभ्या-आडव्या रेघांचे कोरे तक्ते. मी एक कागद नाकाशी नेला. मंगरूला वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलं. पण मला त्या कागदात गेरूचा, नव्या तणसाचा आणि खळ्यावरच्या धुळीचा वास यायला हवा होता. आला नाही. कोऱ्या कागदाला कोऱ्या कागदाचाच वास असतो.

तरी डोळ्यांपुढे ती दहा वर्षांपूर्वीची थंडी आली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. भंडाऱ्याहून बदली होऊन कामठ्याजवळच्या या टोल्यात, म्हणजे लहानशा वाडीत, नुकताच आलेला. अंगावर एकच बरा कोट आणि मनात एकच गर्व, माझ्या अक्षराचा. अक्षर मोत्यासारखं आहे असं लहानपणी कुणीतरी म्हणालं होतं आणि तेव्हापासून मी जगाकडे कमी आणि माझ्या अक्षराकडे जास्त बघत होतो. या खोडीपायी पुढे काय झालं, ते येईलच.

आधी घरांना नंबर घालायचे. दिवाळी नुकतीच झालेली, धान कापणीला आलेलं. मंगरूच्या हातात गेरूचं गाडगं, माझ्या हातात काठीला चिंधी बांधून केलेला कुंचला. दर दाराशेजारी मी मोठ्या दिमाखाने आकडा काढायचो आणि दोन पावलं मागे सरून बघायचो. चार दिवसांनी फिरून पाहतो तो अर्ध्या घरांचे नंबर गायब. बायकांनी पांढऱ्या मातीने भिंती पोतारून घेतल्या होत्या. जिच्या दारी विचारावं ती म्हणायची, "भित खराब करून ठेवली होती ना कोनीतरी!" पुन्हा गेरू, पुन्हा आकडे. मंगरूने घरोघर दम दिला की हा सरकारचा आकडा आहे, याला हात लावायचा नाही. तिसऱ्या फेरीला गेलो तर आकडे होते तिथेच होते, फक्त त्यांना हळदकुंकू वाहिलेलं होतं. एका घरी तर माझ्या सातभोवती तांदळाच्या पिठाची वेल काढली होती. इतका मान माझ्या अक्षराला आजवर मिळालेला नाही.

माणसं लिहायची वेळ आली ती पौषात. धान कापून खळ्यावर आलेलं, बांधांमधे लाखोरीची निळी फुलं. आमचे वरचे साहेब म्हणजे पटवारी. त्यांनी नियम सांगितला होता: आधी घरधनी, मग बाकीचे. नाव, वय, लग्न, जात, धंदा, बोली. दिवसाउजेडी सगळं काळ्या शाईने लिहून ठेवायचं आणि पुढे ठरलेल्या तारखेला लाल शाईने पडताळायचं. मी दर ओसरीवर चटईवर बसायचो, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, आणि मान खाली. घरधनी बोलायचा, मी लिहायचो.

वय विचारलं की कुणी आकडा सांगत नसे. एक म्हातारबा म्हणाले, "गोंदियाले रेल आली ना, तवा मी माती वाहून रायलो होतो." मग त्यांना माती वाहता येण्याइतकं वय धरून मी पुढचा हिशेब करायचा. बोलीच्या रकान्याची तर धमालच होती. पहिल्या नंबरच्या घरचे धनलालजी, टोल्याचे पाटील, पोवार. त्यांचे कुणी पूर्वज माळव्यातून आलेले. मी विचारलं, "घरी काय बोलता?"

"पोवारी."

"बाहेर?"

"तुमच्यासंगं हे बोलून रायलो ते. गोंदियाच्या बाजारात हिंदी."

मी एकच लिहायचं म्हणून थांबलो, तर ते विचार करून म्हणाले, "अन् बैलासंगं गोंडी. आमचा नांगऱ्या गोंड आहे ना, बैलायले तेच समजते." रकाना बोटभर रुंद होता. मी 'पोवारी' लिहिलं आणि बैलांची माफी मागितली.

पण त्या थंडीतलं सगळ्यात जास्त आठवतं ते खळं. लिहून बोटं आखडली की मी धनलालजींच्या खळ्यावर जाऊन बसायचो. मळणी झालेली, वारा देऊन धानाची रास लावलेली. मी शहरगावचा, मला मापणं पहिल्यांदा दिसलं. धनलालजी स्वतः गुडघ्यांवर बसून पायली भरायचे, हाताने काठोकाठ सपाट करायचे आणि पोत्यात ओतताना मोठ्याने म्हणायचे, "लाभ." मग दुसरी पायली, "दोन." मग "तीन." एक असं कधी म्हणायचे नाहीत. पहिल्या पायलीवर आकडा घालायचा नाही, अशी रीत. ती मोजणीत धरायची, पण तिला म्हणायचं लाभ. आणि आणखी एक रीत: शेवटची पायली मोजायचीच नाही. तळाला थोडं धान उरलं की धनलालजी हात झाडून उठायचे. ते उरलेलं तसंच सुपात भरून घरात जायचं. मी विचारलं, "हे किती झालं?" ते दचकले. "ते मोजत नाई गुरुजी. सारंच मोजून टाकलं तं रास सरते."

मला ते फार आवडलं. घरी जाऊन मी ते वहीत सुंदर अक्षरात उतरवूनही ठेवलं. उतरवलं, पण डोक्यात शिरलं नाही.

टोल्याची नावं लिहून झाली तेव्हा पटवारी साहेबांनी गोषवारा मागितला. पुरुष किती, बायका किती, कोणत्या वयाचे किती. दुपारच्या उन्हात ओट्यावर कागद पसरून मी बेरजा करायला बसलो. आणि कागद माझ्याशी बोलायला लागले. मला तोवर वाटायचं आकडे मुके असतात. त्यांनी आधी सांगितलं की टोल्यात तीन वर्षांची पोरं फार कमी आहेत. दोन वर्षांची आहेत, चार-पाचांची आहेत, तीनची जवळजवळ नाहीत. मग समजलं, तो साथीचा, मानमोडीच्या तापाचा पावसाळा. त्या साली जन्मायची ती जन्मली नाहीत, जन्मली ती टिकली नाहीत. विधवांच्या रकान्यातही वय फार कमी होतं, पंचवीस, बावीस, एकोणीस. दोन-तीन वर्षांपूर्वी या घरांतून काय वाहून गेलं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बोट फिरवत गेलो आणि मला कढ आला.

पण त्याच कागदांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट होती. टोल्यात तान्हं मूल एकही नव्हतं. वर्षाच्या आतलं एकसुद्धा नाही. आणि ज्यांच्या घरी तान्हं असणं शक्य नव्हतं, तिथे सत्तरीपुढचं माणूस नव्हतं. मी कागद खाली ठेवला. पाळण्यांची कुरकुर तर मी घरोघर ऐकली होती. नवव्या नंबरच्या घरी तर पोर इतकं रडत होतं की मला एक नाव तीनदा विचारावं लागलं. ते पोर माझ्या कागदावर नव्हतं. आणि धनलालजींच्या घरचा कागद बघता बघता मला आठवलं, त्यांच्या ओसरीवर मला गुळाचा खडा आणि पाणी कुणी आणून दिलं? त्यांची घरवाली कागदावर होती, पण ती त्या वेळी धान कांडत होती, मुसळाचा आवाज येत होता. दोन सुना होत्या, पण त्यांच्या हातात लाखेच्या बांगड्या होत्या. पाण्याचा गडू धरणाऱ्या हातात बांगडी नव्हती. मी मान खाली घालून लिहीत होतो, म्हणून मला फक्त हात दिसला होता.

बाकीच्या घरांच्या आठवणीही कागदांशी जुळवून पाहिल्या. दर घरात एक. बरोबर एक माणूस माझ्या सुंदर अक्षराने गाळलं होतं.

मला आधी राग आला. मग भीती वाटली, नोकरी जाते की काय. मग मी तसाच उठून धनलालजींकडे गेलो. ते खळ्यावरून नुकतेच आले होते, पाय धूत होते.

"धनलालजी, तुमच्या घरात अजून एक माणूस आहे."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. खोटं बोलायचा माणूस नव्हता तो. "आहे ना. भागरता. मायी लहान बहीन."

"मग सांगितलं का नाही?"

"शेवटची पायली मोजत असते का गुरुजी?"

मग सगळं समजलं. टोल्याने बसून ठरवलं होतं. सरकारला माणसं मोजायचीच आहेत तर मोजू द्यावी, पण रास सरू द्यायची नाही. दर घराने एकाला मोजायचं नाही. कुणाला, ते ज्याचं त्याने ठरवायचं. "मागच्या गिनतीले बाबूजीले लिवलं होतं," धनलालजी म्हणाले. "त्याच पावसाळ्यात गेले. आता तं तापानं घरंच्या घरं रिकामी केली. कायले पाहाची परीक्षा?" त्यांचा आवाज उतरला. "भागरताचा मालक तापातच गेला. देवरीकडच्या तिच्या सासरहून म्याच तिले बैलगाडीत आनली. ते आमच्या घरची बरकत होय. तिले कशी मोजू?"

कायदा माझ्या बाजूला होता आणि माया त्यांच्या. मी कोटाची बटणं चाचपत उभा राहिलो.

दाराआडून ती बाहेर आली. बावीस-चोवीस वर्षांची असेल, पांढरं लुगडं, हात कोपरापर्यंत ओले. मी पहिल्यांदा तिचं तोंड बघितलं. ती भावाशी नाही, माझ्याशी बोलली.

"गुरुजी, देवरीकडे बी गिनती होऊन रायली का?"

"सगळीकडे होते आहे बाई."

"तठी मायं नाव लिवलं असन का?"

"तुम्ही तिथे राहत नाही. नसेल लिहिलं."

"ते लोक मले कायले लिवतीन. गाडीत बसवलं तवाच नाव पुसलं त्यायनं. अन् अठी भाऊ म्हनते, तू मोजाची नाईस." ती अगदी शांतपणे बोलत होती. "मंग मी आहो कोठं?"

धनलालजी कळवळले. "अवो, तू बरकत होस म्हनून तं..."

"बरकत म्हनून कोपऱ्यात ठेवता, भाऊ. सन असला का मी मांगं, लगन असलं का मी मांगं, आता गिनतीत बी मी नाई. तुमी लाडानं करता, मले समजते. पन एक डाव मोजून तं पाहा मले."

धनलालजींचे डोळे भरून आले होते आणि तरी ते मान हलवत होते, नाही, नाही. त्यांना खरोखर भीती वाटत होती. दोन-तीन वर्षांत त्यांनी तीन तिरड्या उचलल्या होत्या. ही चौथी व्हायला नको होती, एवढंच. आणि तिला एवढंच हवं होतं की कुठल्या तरी एका कागदावर आपण असावं. दोघांपैकी कुणालाही मी चूक म्हणू शकत नव्हतो. आजही म्हणत नाही.

भागरताबाईने पदराला हात पुसले. "भाऊ, शेवटची पायली मोजत नाई. कबूल. पयल्या पायलीले काय म्हनता?"

"लाभ."

"आकडा घालता तिच्यावर?"

"नाई."

"पन मोजनीत धरता का नाई?"

"धरतो ना. नाई धरली तं हिसाब चुकन."

"मंग मले पयली टाका."

धनलालजी तिच्याकडे बघतच राहिले. मग ते हळूच खाली बसले, खळ्यावर बसायचे तसे गुडघ्यांवर, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "लिवा गुरुजी," ते म्हणाले. "लाभ. भागरता."

मी नवा कागद घेतला आणि पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. "हे मी का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "चांगली दिसून रायली." माझ्या अक्षराची तेवढी एकच खरी तारीफ मी जपून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि धनलालजी बरोबर हिंडलो. दर घरी ते पुढे होऊन सांगायचे, पहिली पायली, शेवटची नाही. घरधनी थोडा विचार करायचा आणि आतून कुणाला तरी उचलून, धरून, हात देऊन ओसरीवर आणायचा. मी लिहिण्याआधी मान वर करायला शिकलो. नवव्या घरातलं ते रडकं पोर मी बघितलं. रेल्वेची माती वाहिलेल्या म्हातारबांची आई निघाली, वाकून दुमडलेली, माझ्याकडे बघून बोळक्या तोंडाने हसणारी. एका घरी नवी सून, पहिलटकरीण. "लाभ," घरधनी म्हणायचा, आणि मी त्या माणसाचं नाव सगळ्यांच्या आधी लिहायचो. सारा टोला मी पुन्हा लिहून काढला. बोटांना घट्टे पडले. वाचताना लक्षात आलं की या पहिल्या ओळींची यादी म्हणजे दर घराला कुणाच्या जाण्याची भीती सगळ्यात जास्त वाटते, त्याची यादी आहे. नागपूरला जे मोठं पुस्तक छापून निघतं त्यात पुरुष, बायका, कोष्टी, कुंभार सगळ्यांचे तक्ते असतात. हा तक्ता मात्र त्यात नाही.

पटवारी साहेब अर्थात भडकले. "मास्तर, हे काय? घर नंबर नऊ, पहिलं नाव, वय दोन महिने. हा घरधनी?" मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. ते सौंदडकडचे, धानाच्या मुलखातच वाढलेले. ऐकताना त्यांनी टाक दौतीत बुडवला तो काढलाच नाही. मग उगाच चार कागद उलटेपालटे केले आणि पुटपुटले, "सरकारला बेरीज पाहिजे. बेरीज बरोबर आहे ना?"

"आहे."

त्यांनी सही केली.

त्या पावसाळ्यात टोल्यातून दोन माणसं गेली. दोन्ही म्हातारी, त्यांतली एक मला हसलेली. कुणी गिनतीचं नाव काढलं नाही. नवव्या घरातलं पोर आता माझ्याच शाळेत आहे, आणि अजून रडतं.

हे सगळं मंगरूने गठ्ठा टाकला तेव्हा डोक्यातून गेलं. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत आणि मला टोपीशिवाय उन्हात निघवत नाही. परवा आम्ही दोघे पुन्हा पहिल्या नंबरच्या घरी गेलो. आकडा भिंतीवर होता. हळदकुंकूही होतं. यंदा ते मंगरूने दम न देताच वाहिलेलं होतं.

धनलालजी अंगणात उन्हाला खाटेवर बसले होते. गेल्या पावसाळ्यात ते बांधावर पडले, तेव्हापासून उजवा हात धड उचलत नाही. यंदा खळ्यावर धान भागरताबाईंनी मापलं म्हणे. बाईमाणसाने मापलं म्हणून चार लोक बोलले, आणि धान काही कमी भरलं नाही म्हणून गप्प बसले. मला बघून म्हातारा खुलला. मी चटईवर बसलो, कागद मांडीवर घेतला, आणि आधी मान वर करून सगळ्यांकडे बघितलं.

"लिवा गुरुजी," ते म्हणाले. "लाभ. भागरता."

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. कानशिलाजवळचे केस पिकू लागलेत. हातात भाजीचा विळा तसाच होता, तो तिने खाली ठेवला. "नाई भाऊ. ह्या डाव नाई." तिने त्यांच्या खांद्यावरून घसरलेली घोंगडी नीट वर ओढली आणि हात तिथेच ठेवला. तिला काय म्हणायचं आहे ते आम्हा सगळ्यांना समजलं. त्यांनाही समजलं असावं, कारण त्यांनी तिच्याकडे न बघता अंगणाकडे बघितलं.

"लाभ," ती म्हणाली. "धनलाल."

सगळ्या टोल्यात त्यांना नुसत्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. म्हातारा खाटेवर जरा ताठ बसला. मग पाटीलकीच्या जुन्या आवाजात म्हणाला, "अवो, मी घरधनी. मी तसाबी पयलाच."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "कोनाले समजनार नाई."

ती माझ्याकडे वळली, तिचा हात अजून त्यांच्या खांद्यावरच होता. "दोन. भागरता."

मी लिहिलं. पहिल्या ओळीत घरधनी, दुसऱ्या ओळीत त्याची बहीण, अगदी नियमात सांगितलं आहे तसं. पटवारी साहेबांनी हा कागद कितीही उलटापालटा केला तरी त्यांना विचारायला काही सापडायचं नाही. फक्त पहिल्या ओळीतलं अक्षर जरा वाकडं आलं आहे.